वही, पेन आणि जुना लॅपटॉप: गावात राहून कोडिंग इंटरव्ह्यूची तयारी

रविवारी सकाळी आमच्या गावच्या अभ्यासिकेत जागा मिळत नाही. बहुतेक पोरं पोलीस भरतीची आणि एमपीएससीची. खिडकीजवळच्या टेबलावर मात्र चार-पाच जण सॉफ्टवेअरच्या नोकरीच्या तयारीसाठी लॅपटॉप उघडून बसलेले असतात. कुणी यवतमाळला इंजिनीअरिंगला, कुणी अमरावतीला, एक मुलगी दारव्ह्याला बीसीएला. मी नागपूरहून पंधरा दिवसांनी घरी आले की या टेबलापाशी बसते. मागच्या पावसाळ्यात त्यातला एक म्हणाला, "ताई, व्हिडिओ पाह्यला का सगळं समजते. पण सोताहून लिवाले बसलो का हातच चालत नाही."

त्याचं दुखणं मला नीट माहीत आहे, कारण माझ्या पहिल्या इंटरव्ह्यूला मी त्यावरच अडले होते. तोवर मी अडीचशे प्रश्न 'सोडवले' होते, म्हणजे उत्तर पाहून उतरवून काढले होते. समोरच्या साहेबांनी विचारलं, आकड्यांच्या यादीतून अशी जोडी शोधा की जिची बेरीज अमुक येईल. मी पाच मिनिटांत लिहून दिलं. मग ते म्हणाले, "आता समजा यादी चढत्या क्रमानं लावलेली आहे आणि जादा मेमरी वापरायची नाही. मग?" मी गप्प. खरं तर सोपं होतं. एक बोट यादीच्या सुरुवातीला ठेवायचं, एक शेवटाला. बेरीज जास्त झाली तर उजवं बोट एक घर आत आणायचं, कमी पडली तर डावं पुढे सरकवायचं. पण मला उत्तर पाठ होतं, ते का चालतं हे कधी स्वतःला सांगून पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मी एक कसोटी लावते: जे मला मराठीत, साध्या शब्दांत, समोरच्याला सांगता येत नाही, ते मला येत नाही असं धरायचं. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या त्या कसोटीवरच उभ्या आहेत.

पायरी १: भाषा एकच, साहित्य साधं

पायथन, सी प्लस प्लस किंवा जावा, यातली कोणतीही एक घ्या आणि सहा महिने बदलू नका. कॉलेजात पहिल्या वर्षाला सी शिकवलं असेल तर ते वाया जात नाही, पण सीमध्ये हॅशमॅप (दिलेली गोष्ट चटकन शोधून देणारा साठा, पायथनमधली डिक्शनरी) तयार मिळत नाही. तो स्वतः बांधत बसलात तर इंटरव्ह्यूची पाऊण तास वेळ त्यातच जाईल. इंग्रजी आणि टायपिंग दोन्ही कच्चं असेल तर पायथन घ्या, ओळी कमी लागतात.

जुना ४ जीबी रॅमचा लॅपटॉप पुरतो. त्यावर पायथन आणि थॉनी नावाचा हलका एडिटर टाका, नेट नसलं तरी चालतो. लॅपटॉपच नसेल तर अँड्रॉइड फोनवर पायड्रॉइड ३ टाकून सुरुवात करता येते. लांब कोड फोनवर लिहिणं जिवावर येतं, पण पहिले दोन महिने लांब कोड लिहायचाच नसतो.

प्रश्नांसाठी लीटकोड, गीक्सफॉरगीक्स, हॅकररँक, कोडशेफ अशा साइट आहेत आणि फुकट मिळणारे प्रश्न भरपूर आहेत. पाया नीट घालायचा असेल तर एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद सरांचा पायथनमधला डेटा स्ट्रक्चर (माहिती मांडून ठेवायच्या रीती) आणि अल्गोरिदमचा (प्रश्न सोडवायच्या रीतींचा) कोर्स फुकट पाहता येतो. पैसे भरून क्लास लावायची घाई करू नका. घरी सोयाबीनचे पैसे यायचे असतात, त्यातून आधी वर्षभराचं रिचार्ज करा.

एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून लावा. नेट असेल तेव्हा आठवड्याचे पाच-सहा प्रश्न वहीत उतरवून घ्या: प्रश्न, नमुना इनपुट, नमुना आउटपुट आणि मर्यादा, म्हणजे इनपुट जास्तीत जास्त किती मोठं असेल ते. वादळानं लाईन गेली की आमच्याकडे कधी कधी दोन दिवस येत नाही. वहीतला प्रश्न तेव्हाही सोडवता येतो, आणि खरं सांगायचं तर जास्त चांगला सोडवता येतो, कारण उत्तर बघायला बाजूला टॅब नसतो.

पायरी २: वेळेचा हिशोब आधी शिका

प्रश्नाखाली बारीक अक्षरात मर्यादा दिलेल्या असतात. नवीन पोरं त्या वाचतच नाहीत, आणि अर्धं उत्तर तिथेच असतं.

ढोबळ हिशोब असा. सी प्लस प्लसमध्ये सेकंदाला साधारण १० कोटी साध्या क्रिया होतात असं धरा. पायथनमध्ये त्याहून बऱ्याच कमी. आता यादीत १ लाख आकडे आहेत आणि तुम्ही प्रत्येक आकड्याची प्रत्येकाशी जोडी लावून पाहिली, तर जवळपास ५०० कोटी जोड्या होतात. एवढ्या वेळेत चहा होईल, टेस्ट केस (कोड तपासायला साइट देते ते इनपुट) पास होणार नाही. म्हणजे १ लाखाची मर्यादा दिसली की समजायचं, जोड्या लावत बसायचं नाही, एका-दोन फेऱ्यांत काम व्हायला हवं किंवा फार तर आधी सॉर्ट करावं. मर्यादा २० असेल तर मात्र सगळे पर्याय तपासायला हरकत नाही. २० गोष्टींतून काय घ्यायचं नि काय सोडायचं याचे १०,४८,५७६ पर्याय होतात, ते यंत्राला झेपतं.

वेळेच्या या हिशोबाला बिग ओ म्हणतात, आणि त्यातला एन म्हणजे मालाची संख्या. बिग ओ म्हणजे एवढंच: माल दुप्पट झाला तर काम किती पटीनं वाढतं. दुप्पट मालाला दुप्पट काम, तर ओ ऑफ एन. दुप्पट मालाला चौपट, तर एन वर्ग. दुप्पट मालाला फक्त एक पाऊल जास्त, तर लॉग एन.

पायरी ३: एक प्रश्न नीट कसा सोडवायचा

इथे सावकाश थांबा. ही पायरी जमली तर बाकीच्या आपोआप जमतात.

प्रश्न घ्या. एका व्यापाऱ्याकडे सहा दिवसांचे सोयाबीनचे भाव आहेत, क्विंटलमागे. समजा ४६५०, ४२५०, ३९८०, ४३००, ४५२०, ४४००. त्याला एकदाच घ्यायचं आहे आणि नंतरच्या कोणत्याही दिवशी एकदाच विकायचं आहे. क्विंटलमागे जास्तीत जास्त नफा किती? हा प्रश्न इंटरव्ह्यूत शेअरच्या भावावरून विचारतात, मांडणी हीच.

टेबलावरच्या सगळ्यांनी पहिल्यांदा एकच उत्तर दिलं: सर्वात जास्त भावातून सर्वात कमी भाव वजा करा. ४६५० वजा ३९८०, म्हणजे ६७०. मी म्हटलं, तारखा पाहा. ४६५० हा पहिल्या दिवसाचा भाव आहे. तिसऱ्या दिवशी घेतलेला माल पहिल्या दिवशी कसा विकणार? सगळे हसले आणि मग शांतपणे वहीकडे वळले. प्रश्नातला 'नंतरच्या' हा एक शब्द निसटला होता. म्हणून पहिलं काम: प्रश्न स्वतःच्या शब्दांत वहीत लिहा आणि निसटू शकेल अशा शब्दाखाली रेघ ओढा.

दुसरं काम, येडा-बागडा का होईना, बरोबर उत्तर देणारा मार्ग लिहा. प्रत्येक दिवशी घेऊन नंतरच्या प्रत्येक दिवशी विकून पाहायचं. सहा दिवसांच्या १५ जोड्या, हातानं होतात. उत्तर ५४० येतं: ३९८० ला घेतला, ४५२० ला विकला. आता हे ५४० तुमच्याकडे पडताळणीसाठी पक्कं आहे.

तिसरं काम, हातानं करताना तुम्ही काय पुन्हा पुन्हा केलंत ते पाहा. पाचव्या दिवशी विकायचं ठरवलं तर तुम्ही मागे वळून काय शोधत होता? तोवरचा सर्वात कमी भाव. चौथ्या दिवशीही तेच शोधलं होतं. मग दर वेळी मागे कशाला वळायचं? तोवरचा कमी भाव सोबतच घेऊन चला. हे ज्या क्षणी त्या मुलाच्या लक्षात आलं, तो टेबलावर हात मारून म्हणाला, "मंग तं एकाच चकरेत होते!" त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. असं एकदा स्वतःहून सापडलेलं दहा व्हिडिओंपेक्षा जास्त दिवस टिकतं.

चौथं काम, मराठीत पायऱ्या लिहा. कोड नाही.

कमी = पहिल्या दिवसाचा भाव
नफा = ०
पुढच्या प्रत्येक दिवसासाठी:
आजचा भाव वजा कमी हे नफ्यापेक्षा जास्त असेल, तर नफा बदला
आजचा भाव कमीपेक्षा लहान असेल, तर कमी बदला
शेवटी नफा सांगा

पाचवं काम, बोट फिरवून तपासा. दुसऱ्या दिवशी कमी ४२५०, नफा ०. तिसऱ्या दिवशी कमी ३९८०, नफा ०. चौथ्या दिवशी नफा ३२०. पाचव्या दिवशी ५४०. सहाव्या दिवशी ४२० निघतो, पण ५४० तसाच राहतो. मग वाकडे इनपुट घ्या: एकच दिवस असेल तर? रोज भाव पडतच गेला तर? दोन्हीला उत्तर ० यायला हवं, आणि येतं.

कोड सहाव्या क्रमांकाला. आता तो लिहायला पाच मिनिटं लागतात, कारण लिहायचं काय ते ठरलेलं आहे.

अडलात तर ४० मिनिटं झुंजा, घड्याळ लावून. त्यानंतर उत्तर पाहायला काही कमीपणा नाही. पण पाहून झालं की बंद करा आणि वावराच्या धुऱ्यावर एक चक्कर मारून येऊन न बघता लिहा. नाही आलं तर पुन्हा पाहा. उतरवून काढलेला कोड सबमिट करून हिरवी खूण मिळवायची नाही. माझ्या अडीचशे हिरव्या खुणा त्या दिवशी माझ्या मदतीला आल्या नाहीत.

पायरी ४: विषयांचा क्रम

ॲरे (आकड्यांची यादी), स्ट्रिंग (अक्षरांची ओळ) आणि हॅशमॅप यांना पहिले दीड-दोन महिने द्या. फ्रेशरच्या टेस्टमध्ये बराचसा भर इथेच असतो. हॅशमॅपची ओळख एका प्रश्नावरून पटते: "हे आधी दिसलं होतं का?" ३५, ६२, ४८, २७, ५२ मधून १०० ची जोडी हवी. ५२ पाशी आलात की विचारा, ४८ आधी दिसले होते का? हॅशमॅप हे एका झटक्यात सांगतो, मागे शोधत जावं लागत नाही.

प्रीफिक्स सम हे नाव ऐकून पोरं घाबरतात, म्हणून मी थेट घरचं विजेचं बिल काढून दाखवते. बिलावर चालू रीडिंग असतं आणि मागील रीडिंग असतं. या महिन्याचे युनिट किती? चालू वजा मागील. साधा मीटर रोजचा वापर वेगळा लिहून ठेवत नाही, सुरुवातीपासूनची एकूण बेरीज दाखवत राहतो, आणि कोणत्याही दोन तारखांमधला वापर एका वजाबाकीत निघतो. तसंच १ लाख आकड्यांच्या यादीवर "इथपासून तिथपर्यंतची बेरीज सांगा" असे १ लाख सवाल आले, तर दर वेळी बेरीज करत बसू नका. आधी मीटरसारखी चढती बेरीज बनवून ठेवा. प्रत्येक सवाल एका वजाबाकीत. एवढंच प्रीफिक्स सम आहे. चूक एकाच जागी होते: मागील रीडिंग कोणत्या घराचं घ्यायचं, सुरुवातीच्या घराचं की त्याच्या आधीच्या? आधीच्या. म्हणून यादीच्या अगदी पुढे एक ० ठेवा, जसं नव्या मीटरचं रीडिंग शून्यापासून सुरू होतं.

स्टॅक म्हणजे गोदामातली पोत्यांची थप्पी, शेवटी ठेवलेलं पोतं आधी निघतं. क्यू म्हणजे जिनिंगवर कापसाच्या गाड्यांची रांग, आधी आलेली आधी रिकामी. पायथनवाल्यांनी क्यूसाठी साध्या लिस्टमधून पहिला घटक काढू नये. मागचे सगळे एकेक घर पुढे सरकवावे लागतात आणि वेळ जातो. त्यासाठी पायथनमधला तयार डेक (deque) वापरा.

बायनरी सर्च: क्रमानं लावलेल्या १० लाख नावांत हवं ते नाव २० वेळा पाहून सापडतं, कारण दर वेळी अर्धी यादी बाद होते. कल्पना लहान पोरालाही कळते, पण लिहिताना भले भले चुकतात. जावाच्या स्वतःच्या लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये चूक होती आणि ती सुमारे ९ वर्षं कुणाला दिसली नाही. २००६ मध्ये जोशुआ ब्लॉक यांनी ती जाहीर केली. मधलं घर काढताना दोन टोकांची बेरीज करून निम्मं केलं जाई, आणि यादी फार मोठी असली की ती बेरीज २,१४,७४,८३,६४७ च्या पलीकडे जाऊन ऋण होई. त्यामुळे तुमचा बायनरी सर्च पहिल्या दहा वेळा चुकला तर हिंमत सोडू नका. दोन घटकांच्या आणि एका घटकाच्या यादीवर दर वेळी बोट फिरवून पाहा, बहुतेक चुका तिथेच पकडल्या जातात.

रिकर्शन (फंक्शननं स्वतःलाच पुन्हा बोलावणं) आणि ट्री (फांद्या फुटत जाणारी मांडणी) एकत्र करा. आजोबांच्या वावराची वाटणी डोळ्यांपुढे आणा. आजोबांच्या जमिनीचे तीन हिस्से, त्यातल्या एका काकाच्या हिश्श्याचे पुढे दोन. एकूण क्षेत्र किती? आजोबा फक्त आपल्या तीन मुलांना विचारतात, प्रत्येक मुलगा फक्त आपल्या मुलांना. ज्याला पुढे वाटेकरी नाही तो आपलं क्षेत्र सांगतो आणि आकडे बेरीज होत वर येतात. कुणालाही सगळं झाड पाहावं लागत नाही. 'पुढे वाटेकरी नाही' ही थांबायची अट लिहायला विसरलात तर फंक्शन स्वतःला बोलावतच राहतं आणि शेवटी प्रोग्राम एरर देऊन पडतो.

ग्राफसाठी एसटीचे मार्ग घ्या. यवतमाळहून पुसदला दारव्हा-दिग्रसवरून जाता येतं, आर्णीवरूनही जाता येतं. गावं म्हणजे नोड, रस्ते म्हणजे एज. कमीत कमी थांबे हवेत तर बीएफएस (ब्रेड्थ-फर्स्ट सर्च): आधी एका थांब्यावरची सगळी गावं पाहायची, मग दोन थांब्यांवरची. प्रत्येक रस्त्यावर किलोमीटर लिहिलेले असतील आणि कमीत कमी अंतर हवं असेल तर डायक्स्ट्रा. एडगर डायक्स्ट्रा यांना ही रीत १९५६ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका कॅफेत कॉफी पिता पिता सुमारे २० मिनिटांत सुचली, तीही कागद-पेन हातात न घेता. छापून आली १९५९ मध्ये. लॅपटॉप नाही म्हणून अडून बसलेल्या पोरांना मी हे आवर्जून सांगते.

डायनॅमिक प्रोग्रामिंग, म्हणजे छोट्या प्रश्नांची उत्तरं जपून त्यावरून मोठ्याचं काढणं, शेवटी. ते आधी घेऊन पुष्कळ जण खचतात. सुरुवात मराठी व्याकरणातल्या लघु-गुरूपासून करा: लघूची १ मात्रा, गुरूच्या २. पाच मात्रांची ओळ किती प्रकारे रचता येईल? ओळीचं शेवटचं अक्षर लघु असेल तर आधी चार मात्रांची रचना आहे, गुरू असेल तर तीन मात्रांची. म्हणजे पाचचं उत्तर हे चार आणि तीनच्या उत्तरांची बेरीज: १, २, ३, ५, ८. आठ प्रकार. बाराव्या शतकात हेमचंद्रांनी छंदांच्या अभ्यासात हीच बेरीज मांडली होती, फिबोनाचीच्या १२०२ च्या पुस्तकाआधी. इंटरव्ह्यूत हाच प्रश्न "एक किंवा दोन पायऱ्या चढत जिना किती प्रकारे चढाल" असा येतो.

पायरी ५: चुकांची वही

प्रत्येक प्रश्नाला अर्धं पान. तारीख, कुठे अडले, आणि कोणत्या शब्दावरून मार्ग ओळखता आला असता. 'सलग तुकडा' दिसलं की स्लायडिंग विंडो (यादीवरून सरकत जाणारी चौकट) किंवा प्रीफिक्स सम आठवावं, 'क्रमानं लावलेलं' दिसलं की बायनरी सर्च किंवा दोन बोटं, 'कमीत कमी टप्पे' दिसलं की बीएफएस. या खुणा माझ्या वहीतून उतरवू नका, तुमच्या चुकांतून तुमच्या निघू द्या. अडलेला प्रश्न दुसऱ्या दिवशी, मग सात दिवसांनी, मग महिन्यानं कोऱ्या पानावर पुन्हा. रोज दोन तास मिळत असतील तर एक नवा आणि एक जुना प्रश्न पुरे. असे दीडशे प्रश्न झाले की मी त्या पोराला इंटरव्ह्यूला पाठवायला तयार असते. वेचणीच्या दिवसांत वावरात जावं लागलं तर नवा प्रश्न सोडा, पण जुना एक मनातल्या मनात चालवून पाहा.

पायरी ६: मोठ्यानं बोला

इंटरव्ह्यूत शांत बसून लिहिणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय ते समोरच्याला दिसत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा जोडी करून बसा. एक विचारणार, एक सांगणार, ४५ मिनिटं. जोडीदार नसेल तर बहिणीला बसवा. आमच्या टेबलावरची बीसीएची मुलगी आपल्या आईला समजावते. आईला कोड येत नाही, पण "असं काऊन?" हे ती नेमकं जागेवर विचारते.

आधी मराठीत सांगा. विचार पक्का झाला की मग इंग्रजीत. व्याकरण बिनचूक नसलं तरी चालतं, मोजकी वाक्यं तयार ठेवा: "कॅन द नंबर्स बी निगेटिव्ह?", "फर्स्ट आय विल टेल द सिंपल वे", "धिस विल बी स्लो फॉर वन लाख नंबर्स", "लेट मी चेक विथ अ स्मॉल एक्झाम्पल". अडलात तर गप्प होऊ नका, काय करून पाहिलं आणि ते का चाललं नाही ते सांगा. समोरचा बऱ्याचदा तिथून एखादी खूण देतो. खूण मिळाली की ती ऐका, आपलंच पुढे रेटू नका.

पायरी ७: ऑनलाइन टेस्टचा दिवस

बऱ्याच टेस्टमध्ये कॅमेरा सुरू असतो आणि स्क्रीन बदलली की नोंद होते. एकाच मोबाईल नेटच्या भरवशावर बसू नका. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं जवळ ठेवा, दोन्हीचा हॉटस्पॉट लॅपटॉपला आदल्या दिवशीच जोडून पाहा. कंपनीनं सराव लिंक दिली असेल तर ती त्याच लॅपटॉपवर, त्याच खोलीत, त्याच वेळेला चालवा. आमच्याकडे संध्याकाळी नेट मंदावतं, म्हणून वेळ निवडायची मुभा असेल तर सकाळची घ्या. घरात मागून कुणी गेलं तर कॅमेऱ्यात दिसतं, तेव्हा भिंतीला पाठ लावून बसा आणि घरच्यांना दोन तास आधीच सांगून ठेवा. पावसाचे दिवस असतील आणि गावातली लाईन जायची भीती असेल तर आदल्या संध्याकाळच्या एसटीनं तालुक्याला नातेवाइकांकडे जा. चार्जर, दोन्ही सिम, आधार कार्ड, कोरे कागद आणि पेन पिशवीत घाला.